पहिलीत बसवतील का?

आम्हाला सगळ्यांनी सगळं विचारून घेतलं होतं. आम्हाला मूल दत्तक घ्यायचं होतं. त्याआधीच्या होम स्टडीसाठी, म्हणजे घराच्या आणि घरच्यांच्या पाहणीसाठी, न्यू जर्सीतली समाजसेविका तीन वेळा घरी येऊन गेली. पगार, रक्तदाब, माझ्या आईचं आणि माझं पटतं का, जिन्याला कठडा आहे का, नळाचं पाणी किती कढत येतं, आम्ही भांडलो की आधी कोण बोलतं. बोटांचे ठसे झाले, पोलिसांचा दाखला झाला, दहा तासांचं सक्तीचं प्रशिक्षण झालं. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिला विचारायची पाळी मात्र अगदी शेवटी आली.

सांगलीच्या आत्यांना यातलं काहीच पटत नव्हतं. “अगं, इथल्या आश्रमातल्या बाई माझ्या ओळखीच्या आहेत. या, बघा, घेऊन जा.” आत्यांचा काळ वेगळा होता. परदेशी दत्तकाबद्दलच्या १९९३ च्या हेग करारावर भारताने २००३ मध्ये शिक्कामोर्तब केलं, अमेरिकेत तो २००८ पासून लागू झाला, आणि तेव्हापासून ‘बघा आणि घेऊन जा’ हा प्रकार संपला. अमेरिकेतली मान्यताप्राप्त एजन्सी, तिथल्या इमिग्रेशनची आय-८००ए ही मंजुरी, मग दिल्लीची ‘कारा’ ही दत्तकाची केंद्रीय सरकारी संस्था आणि तिचं पोर्टल. बालकल्याण समितीने दत्तकासाठी कायदेशीररीत्या मुक्त ठरवलेली मुलंच तिथे दिसतात. हे बरंच आहे, असं मला आजही वाटतं. कंटाळवाणं आहे खरं, पण ज्या मुलाचे आईवडील कुठेतरी त्याला शोधत असतील, ते मूल ओळखीपाळखीने माझ्या घरात येऊ नये.

आम्ही सहा ते नऊ वर्षांचं मूल मागितलं होतं. माझी सत्तेचाळिशी, नवऱ्याची पन्नाशी. तान्हं बाळ नियमातच बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर रात्रीची जागरणंही झेपली नसती. रांगेतल्या बहुतेकांना दुपट्यातलं बाळ हवं असतं. पाच वर्षं उलटली की मूल मागे पडत जातं.

समोर आलेली मुलगी ओडिशाची होती, आठ वर्षांची. वैद्यकीय अहवालात लहानपणीचा ॲनिमिया, दोन किडके दात. बालक अभ्यास अहवाल दीड पानाचा: चित्रं काढते, धाकट्यांच्या वेण्या घालते, विजेला घाबरते. आमच्या एडिसन गावच्या मराठी मंडळातल्या एकीने विचारलं, “आपल्याकडची नाही मिळाली?” मी फक्त हसले. घरी येऊन मात्र चिडचिड केली, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात येऊन गेला होता. मराठी मूल असतं तर निदान बोलता तरी आलं असतं.

होकार, तिच्या नावाचा इमिग्रेशनचा आय-८०० अर्ज, अमेरिकी दूतावासाचं पत्र, काराचं ना-हरकत पत्र. यात सव्वा वर्ष गेलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. व्हिडिओ कॉल तीन झाले. तिन्ही वेळा तिने कॅमेऱ्याला केसांचा भांग दाखवला.

१० मार्च २०२४ ला आम्ही भुवनेश्वरला उतरलो. तिथून गाडीने दोन तास. संस्थेच्या व्हरांड्यात ती आली, हातात चित्रकलेची वही, आणि पुन्हा तोच भांग. मी ॲपवरून घोकलेलं ओडिया वाक्य म्हटलं. ती आणि तिच्यामागच्या सात-आठ मुली फिस्सकन हसल्या. मग वहीतल्या चित्रांवर बोट ठेवून ती एकेक नाव सांगायला लागली. फुल, कान, नाक. हे तर आमचंच. मग ‘फळ’, ‘आळु’, काळ्या रंगाला ‘कळा’. मी चमकले. तो ळ! हिंदीवाल्यांच्या जिभेला न वळणारा, अमेरिकेत जन्मलेल्या माझ्या भाच्यांनाही न जमणारा ळ तिच्या तोंडून सहज पडत होता. मी ‘बाळ’, ‘डोळा’, ‘केळं’ म्हटलं. तिने तीनही शब्द जसेच्या तसे परत केले. नवरा म्हणाला, “हिचं मराठी तुझ्या भाच्यांपेक्षा चांगलं आहे.” त्या दिवशी पहिल्यांदा श्वास नीट बसला.

ती मला ‘माउसी’ म्हणायची. तिथे जेवू घालणाऱ्या सगळ्या बायकांना मुली माउसीच म्हणतात. संस्थेतल्या बाई तिला टोकायच्या, “मा म्हण, मा.” मी म्हटलं, राहू दे. मावशी व्हायला माझी काहीच हरकत नव्हती.

दत्तकाचा आदेश पूर्वी कोर्ट द्यायचं. १ सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हाधिकारी देतात. आमची तारीख १८ मार्च होती. १६ ला निवडणुका जाहीर झाल्या, आणि ओडिशात तर लोकसभा-विधानसभा एकदमच. जिल्हाधिकारी म्हणजे जिल्ह्याचे निवडणूक अधिकारी. तारीख पुढे गेली; कोणती, ते कुणी सांगेना. त्यातच एका कागदावर तिच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग वेगळं निघालं, एका अक्षराने. ते एक अक्षर आदेशात गेलं की जन्मदाखल्यात जाणार, तिथून पासपोर्टात, तिथून व्हिसात. एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत आम्ही पाच दिवस फिरलो. दर वेळी साहेब निवडणुकीच्या प्रशिक्षणाला गेलेले. आमची रजा संपत आली होती, आणि मी हॉटेलच्या बाथरूममध्ये नळ सोडून रडून घेतलं.

पण त्या रखडण्यामुळेच २० मार्चचा पखाळ दिवस आम्हाला तिथे मिळाला. पखाळ म्हणजे रात्रभर पाण्यात आंबवलेला भात, सोबत बडीची म्हणजे डाळीच्या सांडग्यांची चुरी, तळलेले मासे, भाजलेलं वांगं. ती माझ्या शेजारी बसून मी कशी खाते ते बघत होती. मी मिरची चावली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तिने न बोलता स्वतःच्या वाडग्यातलं पाणी माझ्या वाडग्यात ओतलं. २५ ला दोळपूर्णिमेचा गुलाल. तोवर मला कळून चुकलं होतं की आम्ही हिला रिकाम्या जागेतून उचलून नेत नाही. हिच्या इथे तीस बहिणी आहेत, आंब्याखालची ठरलेली जागा आहे, स्वयंपाकघरात कुठल्या माउसीकडे जास्तीचा मासा मागायचा ते ठाऊक आहे. आम्ही तिला घर देणार होतो हे खरं. पण एक घर काढूनही घेणार होतो. प्रशिक्षणाच्या दहा तासांत हे सांगितलं होतं. तेव्हा मी मान डोलावून टिपून घेतलं होतं, एवढंच.

२७ मार्चला जिल्हाधिकारी साहेबांनी बोलावलं. दार बंद, आत मोजकी माणसं. आमची फाइल त्यांनी दहा मिनिटांत चाळली. मग आम्हाला खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसवलं आणि तिला टेबलाशी बोलावलं. पाच वर्षांवरच्या मुलाची संमती घ्यावीच लागते. ते ओडियात हळू बोलत होते. ती गप्प. मी खुर्चीचा हात धरून बसले. ती नाही म्हणाली तर काय, याचा विचार इतक्या महिन्यांत एकदाही केला नव्हता, हे मला तिथे बसल्यावर लक्षात आलं.

मग तिनेच काहीतरी विचारलं. साहेब हसले. आमच्याकडे वळून म्हणाले, “ती विचारते आहे, तिकडे पुन्हा पहिलीत बसवतील का?”

इंग्रजी येत नाही म्हणजे पहिलीत, असं तिला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. तिची तिसरी संपत आली होती. कुठल्याही फॉर्मवर हा प्रश्न नव्हता आणि आमच्याकडे उत्तर नव्हतं. नवरा म्हणाला, “पहिलीत नाही.” साहेबांनी ते तिला सांगितलं. ती म्हणाली, “हँ,” म्हणजे हो.

पुढचं सगळं भराभर झालं. हेग कराराचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, पासपोर्ट, दिल्लीत वैद्यकीय तपासणी आणि दूतावासात व्हिसा. नवरा मध्येच परतला, मी बिनपगारी रजा वाढवली. तिघांत भारतीय पासपोर्ट तिच्या एकटीकडे, आम्हा दोघांकडे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारी ओसीआय कार्डं. अमेरिकेच्या विमानतळावर शिक्का पडला त्या क्षणी कायद्याने ती तिथली नागरिक झाली, आणि त्या क्षणी ती ट्रॉलीवर गाढ झोपलेली होती. काराला दोन वर्षांत सहा अहवाल पाठवायचे असतात. पहिल्यात मी लिहिलं: रोज भात मागते, विजेला अजून घाबरते.

शाळेत नाव घालायला गेलो. बाईंनी तिचं वय बघितलं, इंग्रजी तपासलं आणि म्हणाल्या, सुरुवातीला दुसरीत बसवू. मी तिला हाताची दोन बोटं दाखवली. ती बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिली. मग नवऱ्याकडे वळली आणि तोपर्यंत शिकलेल्या मराठीत म्हणाली, “कलेक्टरला फोन लाव.”