तुम्ही विचारलंत म्हणून: ते जेल नैसर्गिक की कृत्रिम?

लग्नकार्यात असो की शेतकरी मेळाव्यात, मला हमखास विचारतात, "मॅडम, तुमचं ते पाणी धरणारं जेल नैसर्गिक की कृत्रिम?" मी चटकन उत्तर दिलं नाही की काहीतरी लपवतेय असं वाटतं. लपवत नाही. यातलं कुठलंही एक उत्तर दिलं तर ते खोटं ठरेल, म्हणून थांबते.

ते बनतं असं: गवारगम, म्हणजे गवारीच्या बियांचा डिंक, पाण्यात विरघळवतो, नायट्रोजन सोडून ऑक्सिजन हुसकावतो आणि प्रक्रिया सुरू करून देणारं सेरिक अमोनियम नायट्रेट घालतो. त्याचा पिवळा रंग फिका पडत जातो, तेव्हा गमच्या साखळीवरच मुक्तमूलकं, म्हणजे जोडणीला आतुर अशा जागा, तयार होत असतात आणि तिथूनच ॲक्रिलामाइड या कृत्रिम रसायनाची साखळी वाढते. ॲसिटोनमध्ये ओतलं की पांढरे चिवट तंतू काचकांडीला गुंडाळत येतात. गमला न जोडलेली ॲक्रिलामाइडची सुटी साखळी, म्हणजे पॉलिॲक्रिलामाइड, फॉर्मामाइड आणि ॲसेटिक ॲसिडच्या मिश्रणाने धुऊन काढायची. धुऊनही जे निघत नाही, ते ग्राफ्ट, म्हणजे गमवर केलेलं कलम. पुढे अल्कलीची प्रक्रिया केली की ते पाणी ओढून फुगतं.

एका कंपनीला असंच जेल कोरडवाहू शेतीसाठी विकायचं होतं. आमच्या प्रकल्पाला पैसे त्यांचेच. बैठकीत पाकिटाचा नमुना समोर आला. हिरवं पान, खाली "१००% नैसर्गिक, मातीत पूर्ण विघटन". त्याखाली शास्त्रज्ञ म्हणून माझी सही हवी होती. विक्री विभागातले गृहस्थ समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, हापूसचं कलम आपण नैसर्गिकच म्हणतो ना?" मी म्हटलं, कलमाचे दोन्ही भाग झाडंच असतात. मग बरोबर नेलेली कुपी टेबलावर ठेवली. कलम केलेली साखळी किती लांब आहे हे मोजायचं असेल तर आम्ही आम्लाने गम तोडून टाकतो आणि उरलेलं तपासतो. ते उरलेलं त्या कुपीत होतं. मातीतले जंतूही गमच खाणार. कार्बन-कार्बन बंधांची ही कृत्रिम साखळी त्यांना सहज तुटत नाही. त्यांच्यातल्या सगळ्यात वरिष्ठ माणसाने कुपी उजेडात धरली आणि विचारलं, "हे शेतकऱ्याला कोण दाखवणार आहे?"

मी सही केली नाही. प्रकल्प गेला. त्यावर एका विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती चालत होती, तीही गेली. सामान आवरताना ती म्हणाली, "मॅडम, तुम्ही एकच शब्द बदलून घेतला असता तर?" मला बोलता आलं नाही.

मग हे काम करताच कशाला, असंही विचारतात. हलक्या जमिनीत दोन पावसांमधला खंड पीक मारतो, म्हणून. अमेरिकेत पिओरियाच्या सरकारी प्रयोगशाळेने १९७० च्या दशकात मक्याच्या स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइल हे कृत्रिम रसायन चढवून असंच जेल केलं. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं पुसा हायड्रोजेल सेल्युलोजवर बेतलेलं आहे, आणि ते हेक्टरी अडीच ते पाच किलो टाकायला सांगतात. एवढ्याशा मात्रेला काही जण प्लास्टिकचा भडिमार म्हणतात, ते मला अन्यायाचं वाटतं. पण स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट पाणी धरण्याचे आकडे शुद्ध पाण्यातले असतात, हेही सांगायला हवं. बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम जेलला आवळून धरतं आणि फुगणं फार कमी होतं. शिवाय ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी आहे. त्याची साखळी झाली की तो धोका राहत नाही, पण सुटं किती उरलंय हे प्रत्येक घाण्याला तपासावंच लागतं.

तेव्हाची मी म्हणते, सही म्हणजे सही, तिथे तडजोड नाही. आजची मी तिला विचारते, उठून का आलीस? बसून भांडली असतीस तर निदान 'पूर्ण' हा शब्द तरी काढायला लावला असतास. ती म्हणते, मग 'नैसर्गिक' तसाच राहिला असता, आणि खाली नाव तुझं. आमचं अजून पटलेलं नाही.

सध्या आम्ही जेलमधल्या कृत्रिम ॲक्रिलेटचं प्रमाण उतरवून नैसर्गिक स्टार्चचं वाढवतोय. तसं केलं की मातीत कमी उरतं. आणि जेल पाणीही कमी धरतं.