अहवालातील 'लॉस'

मी लिहिलेल्या अहवालातील एका ओळीमुळे एका माणसाने औषधाच्या गोळ्या घेणे सोडले. ती ओळ धडधडीत चुकीची होती असे मला आजही म्हणता येत नाही, आणि बरोबर होती असे तर त्याहून म्हणवत नाही, म्हणून हे लिहून काढत आहे. मी कोल्हापुरातील एका निदान केंद्रात रेडिओलॉजिस्ट आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

एमआरआयच्या कामातील बाहेरच्या माणसाला न सुचणारा भाग म्हणजे यंत्र सुरू होण्यापूर्वीची झडती. मंगळसूत्र आणि जोडवी निघतात, पण करदोड्याला अडकवलेली पेटी आणि कनवटीची तंबाखूची डबी दारात पोहोचल्यावरच आठवते. आमच्याकडे त्यात उद्यमनगर, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांची भर पडते. ग्राइंडरवर काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात लोखंडाचा बारीक कण रुतलेला असू शकतो, आणि चुंबकीय क्षेत्रात तो हलला तर दृष्टी जाऊ शकते. आमचे तंत्रज्ञ अर्जावरचा 'शरीरात धातू आहे का?' हा प्रश्न वाचतात आणि 'नाही' वर खूण करून मोकळे होतात, कारण डोळ्यातल्या कणाला कोणी धातू म्हणत नाही. 'डोळ्यातला कचरा कधी डॉक्टरांकडून सुईने काढून घेतला आहे का?' असे विचारले की मग 'तीन-चार येळा' असे उत्तर येते. या रुग्णानेही तेच दिले, म्हणून आधी डोळ्यांच्या खोबणीचा एक्स-रे काढला. तो स्वच्छ होता.

या रुग्णाला मी इथे मामा म्हणते. ते एक्कावन्न वर्षांचे होते आणि सव्वीस वर्षे फेटलिंग शॉपमध्ये कास्टिंग घासण्याचे काम करत होते. चिठ्ठीवर 'डिप्रेशन, एमआरआय ब्रेन' एवढेच होते. आमच्या शहरातील चांगले चांगले डॉक्टरही तपासणी का हवी हे लिहिण्याचे कष्ट घेत नाहीत आणि अहवाल मोघम आला की तक्रार करतात. उरलेला वृत्तांत मला त्यांच्या पत्नीकडून समजला. नैराश्याचा पहिला झटका चोविसाव्या वर्षी आला होता, दुसरा चाळिशीत आला, आणि या वेळी सात महिने झाले तरी मामा अंथरुणातून उठत नव्हते, जेवत नव्हते, कोणाशी बोलत नव्हते. नैराश्याचे निदान एमआरआयवर होत नाही. कपाळामागच्या भागातील गाठ किंवा पूर्वी नकळत येऊन गेलेला पक्षाघात कधीकधी नैराश्याच्या रूपात समोर येतो, आणि तसे काही नाही ना, एवढेच पाहायचे असते.

तसे काही नव्हते. एरवी मी चार ओळींत 'नॉर्मल' लिहून पुढची तपासणी उघडली असती. त्या दिवशी मात्र मी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे मेंदूतील स्मृतीशी संबंधित लांबट भागाच्या, लांबीला काटकोनात छेद जातील असा पाच मिनिटांचा चित्रांचा जादा क्रम लावायला सांगितला. केंद्राच्या व्यवस्थापकांना हे आवडत नाही, कारण त्यांच्या हिशेबात एक डोके म्हणजे वीस मिनिटे. पण सरधोपट आडव्या छेदांत हिप्पोकॅम्पस तिरका कापला जातो आणि त्याच्या आकाराविषयी काही सांगणे म्हणजे कांदा तिरपा चिरून त्याचे थर मोजण्यासारखे आहे. छेद सुरेख आले. सोळाव्या शतकात अरांझी नावाच्या इटालियन शरीरशास्त्रज्ञाला या अवयवात समुद्रघोडा का दिसला, हे मला त्या पडद्यावर नेहमीपेक्षा जास्त पटले. दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस थोडा बारीक होता आणि त्याच्या कडेची फट किंचित रुंद होती. या भागाची झीज मोजण्याच्या, शेल्टेन्स या तज्ज्ञांच्या शून्य ते चार अशा मोजपट्टीवर मी एक दिला असता, आणि या वयात एक म्हणजे विकार नव्हे.

तरीही मी लिहिले : 'माइल्ड बायलॅटरल हिप्पोकॅम्पल व्हॉल्यूम लॉस', म्हणजे दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचे आकारमान थोडे घटले आहे. लिहिण्यामागे ज्ञानाची थोडी मिरवणूक होती, हे कबूल करते. नैराश्य वारंवार आलेल्या स्त्रियांत हिप्पोकॅम्पस लहान आढळतो, हे यव्हेट शेलाइन या संशोधिकेने 1996 मध्ये दाखवले होते. 2016 मध्ये एनिग्मा या आंतरराष्ट्रीय गटाने 1728 रुग्ण आणि 7199 निरोगी माणसे यांचे मेंदू एकत्र मोजले, तेव्हाही फरक हिप्पोकॅम्पसमध्येच ठळक निघाला. आजार पहिल्यांदाच झालेल्यांत तो दिसला नाही. ज्यांना तो पुनःपुन्हा झाला किंवा ज्यांना तो एकविशीच्या आत सुरू झाला, त्यांच्यात दिसला. तीन झटके आलेला माणूस समोर होता आणि चित्र पुस्तकाबरहुकूम वाटत होते. दुसरे कारण दयेचे होते. त्याच्या काही महिने आधी मी एका तरुण सुनेचा अहवाल 'नॉर्मल' म्हणून दिला होता, आणि काउंटरवरच तिच्या सासऱ्यांनी तो कागद हलवत 'बघा, मशिनीत काय बी न्हाई, समदी नाटकं' असे सुनावले होते. मामांच्या हातात निदान एक ओळ असावी, असे मला वाटले.

तीन आठवड्यांनी त्यांची पत्नी फिल्मचे पाकीट छातीशी धरून उभी होती. धाकट्या दिराने इंग्रजी अहवाल मोबाइलवर भाषांतरित करून घरभर वाचून दाखवला होता. "मॅडम, ह्यांचा मेंदू वाळलाय म्हंत्यात. हे म्हंत्यात, वाळल्याल्या उसाला पाणी घालून काय हुतंय? गोळ्या गटारात टाकल्यात." मामा बाहेर बाकावर खाली मान घालून बसले होते. 'लॉस' हा शब्द कोल्हापुरात कोणाला समजावून सांगावा लागत नाही. भिशीत होतो, उसात होतो, फाउंड्रीत होतो. मामांना तो मेंदूत झाला, एवढेच घराला कळले होते.

दोघांना मी पडद्यासमोर बसवले. मामांना कास्टिंगची भाषा येत होती, म्हणून मी त्यांना विचारले की बिडाच्या ओतकामासाठी पॅटर्न, म्हणजे साच्याचा नमुना, करताना श्रिंकेज, म्हणजे थंड होताना धातू आकसण्याचे प्रमाण, किती धरतात. "शेकडा एक," ते म्हणाले. सात महिन्यांत परक्या माणसाशी ते बोललेले हे पहिलेच शब्द असावेत, असे पत्नीच्या चेहऱ्यावरून वाटले. मग सांगितले की त्या हजारो लोकांच्या अभ्यासातला सरासरी फरकही शेकडा सव्वाच आहे, म्हणजे तीन-साडेतीन घन सेंटिमीटरच्या अवयवात जेमतेम एक थेंब. दोन तालमींच्या पैलवानांचे सरासरी वजन थोडे वेगळे असले, म्हणून रस्त्यात भेटलेला पैलवान कोणत्या तालमीतला हे वजनावरून ओळखता येत नाही. तसेच एका फोटोवरून कोणाला नैराश्य आहे हे ओळखता येत नाही, आणि बरे होणार की नाही हे तर मुळीच नाही.

बोलता बोलता माझी खरी चूक माझ्याच लक्षात आली. 'लॉस' म्हणजे आधी जास्त होते आणि मग कमी झाले. माझ्याकडे या माणसाचा आधीचा एकही फोटो नव्हता. तो हिप्पोकॅम्पस जन्मापासून तेवढाच असू शकतो. मी 'लहान आहे' असे पाहिले आणि 'लहान झाला' असे लिहिले. आमच्या शास्त्रात हे क्रियापद रोज बदलले जाते आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. मलाही त्या दिवसापर्यंत वाटले नव्हते.

मामा बराच वेळ चित्राकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "आटल्यालं कास्टिंग परत भट्टीतच जातंय, मॅडम."

हे वाक्य मला पुरेसे होते. मरणाचे विचार येतात का, असे मी सरळ विचारले. रेडिओलॉजिस्टला असे प्रश्न विचारण्याची सवय नसते. आम्ही हा पेशा निवडतो त्यात तोही हेतू असतो. त्यांनी होकारार्थी मान हलवली. मी मनोविकारतज्ज्ञांना तिथूनच फोन लावला आणि त्याच संध्याकाळची वेळ घेतली. त्यांच्या पत्नीला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक पाकिटावर लिहून दिला, मामांना एकटे सोडू नका आणि घरातली औषधे कुलपात ठेवा असे सांगितले. मामांना एवढेच म्हणाले की मेंदू बिडासारखा थंड होऊन घट्ट होत नाही. मरणोत्तर तपासणीत अशा रुग्णांच्या हिप्पोकॅम्पसमधील पेशी मेलेल्या नव्हत्या, तर आकाराने लहान होऊन दाटीने बसलेल्या आढळल्या आहेत, आणि विजेच्या झटक्यांच्या उपचारानंतर (ईसीटी) हाच भाग मोजण्याइतका वाढल्याचे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्यांना ते पटले की नाही, हे मला सांगता येत नाही.

मनोविकारतज्ज्ञ रात्री फोनवर चिडले. असली ओळ लिहायचीच होती तर आधी मला विचारायचे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते बरोबर होते. चिठ्ठीवर दोनऐवजी चार ओळी लिहिल्या असत्या तर मीही विचारले असते, असे मी म्हणाले. तेही बरोबर होते, पण ती वेळ नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी पुरवणी अहवाल दिला : हिप्पोकॅम्पसचा आकार वयाच्या मानाने स्वीकारार्ह मर्यादेत, विकारसूचक बदल नाही. त्याच आठवड्यात धाकट्या दिराचा मला फोन आला. डोक्याचा रिपोर्ट असा असेल तर वाटणीच्या कागदावर भावाची सही चालते का, हे त्याला हवे होते. एमआरआयवरून असे काही ठरत नाही, आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे नुसत्या आजाराच्या निदानावरूनही कोणी वेडा ठरत नाही, ते न्यायालयाला ठरवावे लागते, असे मी सांगितले. त्याने 'बरं' म्हणून फोन ठेवला.

पुरवणी कागद नेताना मामांच्या पत्नीने जुना अहवाल परत आणून देण्याचे कबूल केले होते. महिन्याभराने त्यांनी फोन केला. मामा गोळ्या घेतात, रात्री चार-पाच तास झोपतात, परवा स्वतःहून दाढी केली. जुन्या अहवालाचे विचारले तेव्हा त्या थोड्या थांबल्या.

"त्यो कागद दिराकडं हाय, मॅडम. देत न्हाई."