शिकलेलं पोरगं चाकणला गेलं तर?

भोसरीत माझं मशीन शॉप आहे. तिथे चहाच्या टपरीवर शेजारचे शेडवाले मला हमखास विचारतात, "पगार चालू ठेवून, मशीन बंद ठेवून पोरांना ट्रेनिंग देता. शिकलं की ते चाकणच्या मोठ्या कंपनीत जाणार. मग हा उपद्व्याप कशासाठी?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

जातात. माझ्याकडची तीन गेली. तिकडे बस आहे, कँटीन आहे, रविवारची सुट्टी खरोखरच सुट्टी असते. त्यांच्या वयात मीही गेलो असतो.

पण ट्रेनिंगच्या आधीची गोष्ट ऐका. माझ्याकडे पाच सीएनसी टर्निंग मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारे लेथ. सेटर, म्हणजे नवा जॉब आला की मशीन त्याच्यासाठी लावून देणारा, एकच. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. कुठल्या जॉबला कुठले सॉफ्ट जॉ (नग पकडणारे जबडे), ते जॉ बसतात त्या चकचं प्रेशर किती, ऑफसेट (टूलच्या मापाची दुरुस्ती) किती, सगळं अण्णाच्या खिशातल्या तेलकट डायरीत. अण्णा जत्रेला गावी गेला की दोन मशीन उभ्या. त्याला कुणी कसलंही ट्रेनिंग दिलं नव्हतं, तरी एका दिवाळीनंतर तो आलाच नाही. डायरीही गेली.

त्यानंतर मी लीनच्या, म्हणजे कामातला फुकट जाणारा वेळ आणि माल कमी करायच्या पद्धतीच्या, नादी लागलो. पहिला ट्रेनर आला, त्याने मुदा (नासाडी), मुरा (असमानता), मुरी (अतिताण) हे जपानी शब्द पाठ करून घेतले, फरशीवर पिवळे पट्टे मारायला लावले आणि सर्टिफिकेट देऊन गेला. पट्टे पंधरा दिवसांत कुलंटखाली, मशीन थंड ठेवणाऱ्या पाण्याखाली, गेले. (सर्टिफिकेट अजून केबिनमध्ये आहे, पाहुण्यांना आवडतं.)

दुसरा थेट मशीनपाशी उभा राहिला. मोबाइल स्टँडला लावला आणि सेटरला म्हणाला, "रोजच्यासारखी सेटिंग कर." शनिवारी आम्ही सगळ्यांनी ते शूटिंग बघितलं. सेटिंगला २ तास १० मिनिटं लागली होती, त्यात हातात पाना होता तो जेमतेम ३५ मिनिटं. बाकी वेळ मायक्रोमीटर शेजारच्या मशीनवरून आण, जॉ शोध, इन्सर्ट (टूलचं कापणारं पातं) माग. एका ठिकाणी पडद्यावर चार मिनिटं नुसती बंद मशीन, माणूसच नाही. पोरगं ड्रॉइंग घ्यायला माझ्या केबिनच्या दारात उभं होतं आणि मी फोनवर बोलत त्याला हातानेच 'थांब' म्हणत होतो. सगळे खाली मान घालून चहा पीत राहिले.

त्या ट्रेनरने मग शिगेओ शिंगो या जपानी इंजिनिअरचा किस्सा सांगितला. १९५० साली हिरोशिमात, माझदा गाड्या बनवणाऱ्या तोयो कोग्योच्या कारखान्यात, मोठ्या प्रेसची डाय बदलताना एक बोल्ट सापडेना. कामगार तासाभराने परतला तो दुसऱ्या मशीनचा लांब बोल्ट कापून, आटे पाडून. तिथून शिंगोंनी कामाचे दोन भाग पाडले, मशीन थांबवूनच करायचं ते आणि मशीन चालू असतानाच उरकता येतं ते. पुढे १९६९ मध्ये टोयोटात १००० टनी प्रेसची चार तासांची सेटिंग आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आली.

आमची तीन मिनिटांवर आली नाही. ४० वर आली, आणि तेवढ्याने माझा धंदा बदलला. हिशेब साधा आहे. ६० नगांचा लॉट, नगाला ३ मिनिटं, म्हणजे ३ तासांचं काम. त्याला सेटिंग २ तासांची असली तर नगामागे ५ मिनिटं पडतात. ४० मिनिटांची असली तर ३ मिनिटं ४० सेकंद. पूर्वी छोट्या लॉटची चौकशी आली की मी नाही म्हणायचो, किंवा सेटिंग वाचवायला महिन्याचा माल एकदम काढून ठेवायचो. एकदा ग्राहकाने ड्रॉइंगमध्ये खाचेचं माप बदललं आणि तो सगळा ढीग भंगारात गेला. मोठ्या कारखान्याशी मी रेटवर भिडू शकत नाही. गुरुवारी मागितलेले साठ नग शनिवारी देऊ शकतो.

पोरांनी काय केलं? जॉवर १, २, ३ असे पंच मारले, चकवरही तेच आकडे. बाहेरून कितव्या दात्यावर जॉ बसवायचा ते शीटवर लिहिलं, शेजारी फोटो. लॉट संपायच्या अर्धा तास आधी पुढच्या जॉबची ट्रॉली मशीनपाशी: टूल, गेज, ड्रॉइंग. ड्रॉइंगसाठी आता केबिनमध्ये कुणी येत नाही.

म्हणजे अण्णाच्या डायरीत असायचं ते आता मशीनला लटकलेलं आहे. न शिकवलेला गेला तेव्हा मी जास्त गमावलं होतं.

खर्चाचं म्हणाल, तर २०२३ पासून केंद्राची लघुउद्योगांसाठी लीनची सुधारित योजना आहे, सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के वाटा सरकार उचलतं. जरूर घ्या. फक्त ट्रेनर मशीनपाशी किती वेळ उभा राहणार, हे आधी विचारून घ्या.

गेल्या महिन्यात तिसरा सेटर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी हेल्परने शीट समोर धरून सेटिंग लावली. ७० मिनिटं लागली, तिसरा पीस ओके आला. मी मागे उभा होतो, बोललो नाही. मापात बसल्यावर तो वळून म्हणाला, "साहेब, आता मला पण ट्रेनिंगला पाठवणार का?"

पुढच्या सोमवारी जातोय.