ओला मग

सकाळी स्टोअर उघडलं की मामा प्रत्येक ड्रमला उलटा हात लावून पाहतात. लेकराच्या कपाळाला लावतात ना, तसा. मामा म्हणजे आमच्या स्टोअरचे सगळ्यांत जुने हेल्पर. वय विचारलं की दरवर्षी ५८ सांगतात. मी नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या या प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, केमिकल स्टोअर सांभाळायला आले तेव्हा त्यांच्या या सवयीचं मला हसू यायचं. बी.एस्सी. केमिस्ट्री नुकतीच डोक्यात होती आणि ड्रमला ताप येतो हे कोणत्याच पुस्तकात नव्हतं.

ते ज्या ड्रमांना हात लावत ते हायड्रोचे. कागदावर सोडियम हायड्रोसल्फाइट, पण कागदाबाहेर त्याला कोणी त्या नावाने हाक मारत नाही. पांढरी, बारीक साखरेसारखी भुकटी, ५० किलोचा लोखंडी ड्रम, आत प्लास्टिकची पिशवी. कापड रंगवणाऱ्याचं तिच्याशिवाय चालत नाही. व्हॅट रंग पाण्यात विरघळतच नाहीत. कॉस्टिक सोडा आणि हायड्रो टाकलं की हायड्रो त्यांचं रिडक्शन करतं, म्हणजे ऑक्सिडेशनच्या उलट क्रिया, रंग विरघळतो, धाग्यात शिरतो आणि कापड बाहेर हवेत आलं की परत मूळ रंगावर येतो. इंडिगोचा निळा डोळ्यांदेखत हिरवट-पिवळा होऊन पुन्हा निळा होताना बघायला मला अजूनही आवडतं. बाथमध्ये, म्हणजे रंगाच्या पाण्यात, हायड्रो पुरेसं आहे का हे बघायला पोरं व्हॅट यलोचा कागद बुडवतात. पिवळा कागद निळा झाला की काम चालू.

हाच गुण म्हणजे हायड्रोची ऑक्सिजनची भूक. बाथमध्ये ती आपल्या कामाची. ड्रममध्ये तीच वैरी. भुकटीला ओल लागली की ती हवेतला ऑक्सिजन घेऊन तापते. ढिगातली उष्णता बाहेर पडत नाही, म्हणून आणखी तापते. एका हद्दीपुढे तापली की मग तिचं स्वतःचंच विघटन व्हायला लागतं आणि ती सल्फर डायऑक्साइड सोडते. या पायरीला तिला बाहेरच्या हवेचीही गरज राहत नाही. वाहतुकीच्या नियमांत ती आपोआप पेट घेणाऱ्या पदार्थांच्या गटात बसते, क्रमांक यूएन १३८४. पेसोचं, म्हणजे देशभरच्या स्फोटकांचा कारभार बघणाऱ्या खात्याचं मुख्यालय आमच्याच नागपुरात. पण हायड्रो काही स्फोटक नाही. ते साध्या ट्रकमधून येतं, पावती फाटते आणि ड्रम उतरतात. त्यामुळे त्याचा धाकही कोणाला वाटत नाही.

मला वाटायचा, पण उन्हाळ्यात. नवतपात पत्र्याच्या शेडखाली उभं राहवत नाही, बाहेर पारा ४५ च्या वर. मे महिनाभर मी एक्झॉस्ट पंखे चालू आहेत ना हे तीनतीनदा बघायचे. एकदाचा पाऊस आला की सुटल्यासारखं वाटायचं. जुलैत हायड्रोची काळजी करायची असते हे मला ठाऊक होतं, पण ते पाठ केलेल्या धड्यासारखं.

त्या आठवड्यात झड लागली होती. तीन दिवस सूर्य नाही. कंपनीची बस वर्धा रोडवर खापरीच्या पुढे गोगलगायीसारखी सरकत होती, म्हणून पोचायला सव्वानऊ झाले. स्टोअरच्या दारातच मामा उभे. एरवी 'या मॅडम' म्हणणारे मामा त्या दिवशी काहीच बोलले नाहीत, हात धरून आत घेऊन गेले. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझा हात धरला होता.

"याचं अंग गरम लागून राह्यलं, मॅडम."

मी उलटा हात लावला. खालच्या अर्ध्या भागात कोमट नव्हे, चांगलाच गरम. वर झाकण नुसतं ठेवलेलं, ते कसणारी रिंग लावलेली नाही. आतल्या पिशवीचं तोंड उघडं. छताच्या एका जोडातून थेंब थेंब पाणी बरोबर त्या झाकणाच्या काठावर पडत होतं. आणि काडेपेटीच्या गुलाचा जळका वास.

रात्रपाळीचा पोरगा अजून घरी गेला नव्हता. ठेक्यावरचा, विशीतला, कामाला चपळ. त्याने सांगितलं की पहाटे त्याने दोनदा माल काढला. कशाने काढला? त्याने कलर किचनमधला, म्हणजे रंग कालवतात तिथला, प्लास्टिकचा मग दाखवला. कोरडा मग सापडला नाही, म्हणून हाच झटकून घेतला. सांगता सांगता तो पिशवीत वाकून बघायला गेला आणि एकदम मागे सरकून खोकत सुटला. डोळ्यांतून धारा. मामांनी त्याची कॉलर धरून त्याला शेडबाहेर नेलं, म्हणजे जवळजवळ फेकलंच.

इथून पुढचं मला वेगवेगळ्या क्रमाने आठवतं. सायरन आधी वाजला की साहेब आधी आले, नक्की सांगता येत नाही. एवढं आठवतं की तीन माणसं तीन गोष्टी घेऊन पळत आली: एकाच्या हातात सीओटूचा (कार्बन डायऑक्साइडचा) सिलिंडर, दुसऱ्याकडे वाळूच्या लाल बादल्या, आणि तिसऱ्याने, बिचाऱ्याने, नळाखालची अर्धी बादली पाणी उचलून आणलं होतं. त्याच्यावर सगळे ओरडले, कारण ड्रमच्या मागच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, 'हायड्रो: पाण्यापासून दूर ठेवा'. तो बोर्ड मीच लावून घेतला होता. अर्धी बादली थांबवली हे बरंच झालं. पण मग वाळू टाका, सीओटू मारा, झाकण घट्ट करून रिंग ठोका अशी बोंबाबोंब सुरू झाली आणि मी बोर्डाकडे बघत उभी.

आमच्या फायर टीमचे प्रमुख तेवढ्यात आले. नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात शिकलेला माणूस, आवाज कधी चढवत नाही. त्यांनी पहिलं वाक्य चढ्या आवाजात म्हटलं: "रिंगला हात लावायचा नाही!" बंद ड्रममध्ये गॅस कोंडला तर झाकणच गोळीसारखं सुटेल. मग शांतपणे मला विचारलं.

"माल किती?"

"तीस-पस्तीस किलो."

"शेजारी?"

मी उत्तर द्यायला वेळ लावला. शेजारी, जेमतेम चार हातांवर, हायड्रोजन पेरॉक्साइडचे बारा कॅन होते. ऑक्सिजन देणारा आणि ऑक्सिजन खेचणारा एका छताखाली ठेवू नये, हे मी दरवर्षी नव्या पोरांना शिकवते. पेरॉक्साइडच्या शेडमध्ये पाणी शिरलं म्हणून दोन दिवसांपूर्वी ते कॅन 'तात्पुरते' इथे आणले होते. रजिस्टरमध्ये त्या हलवण्याखाली सही माझी.

ते काही बोलले नाहीत. "डेटा शीट काढा, पाचवा भाग," म्हणाले. डेटा शीट म्हणजे केमिकलचं सुरक्षा-माहितीपत्रक, त्यातला आग विझवण्याचा भाग. मी फाइल आणेपर्यंत त्यांची दोन माणसं पाठीवर हवेचे सिलिंडर चढवत होती. कागदावर होतं ते त्यांना आधीच माहीत होतं, माझ्याकडून फक्त पक्कं करून घ्यायचं होतं: गुदमरवून ही आग विझत नाही, कारण तिला हवा लागतच नाही. वाळू नाही, सीओटू नाही. पाणी, पण भरपूर, न थांबता. थोडं पाणी घातलं तर आगीत तेल.

मला तेव्हा त्या पोराचा प्रश्न आठवला. एप्रिलमधल्या ट्रेनिंगमध्ये त्याने विचारलं होतं, "मॅडम, पाण्यापासून दूर ठेवा म्हणता, पन आम्ही तं रोज पाण्यातच टाकतो ना जी?" सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, सांगितलं तेवढं कर. खरं तर त्या तासाभरात कोणी विचारलेला तो एकमेव शहाणा प्रश्न होता. हजारो लिटरच्या बाथमध्ये हायड्रो विरघळून जातं, त्याची उष्णता पाणी पिऊन टाकतं. ड्रममध्ये चमचाभर पाणी पडलं तर उष्णता जाणार कुठे? एवढं दोन वाक्यांत सांगितलं असतं, तर ओला मग बघून त्याचा हात थांबला असता असं मला वाटतं. कदाचित नसताही. पहाटे चार वाजता मशीनवाला डोक्यावर उभा असतो.

ड्रम नशिबाने पॅलेटवर होता. सिलिंडरवाल्या दोघांनी पॅलेट उचलायची हातगाडी खाली सरकवली आणि रोलिंग शटरमधून तो मागच्या मोकळ्या आवारात नेला. वाटेत झाकणाच्या फटीतून पांढरा धूर निघायला लागला होता. बॉयलरच्या चिमणीचा धूर कुठे झुकतोय ते बघून प्रमुखांनी आम्हाला उलट्या बाजूला पिटाळलं. सल्फर डायऑक्साइड हवेच्या दुपटीहून जड, जमिनीलगत पसरतो. त्यामुळे धुरात खाली वाकून राहायचं असं जे आपण शिकतो, ते इथे उलटंच पडतं. आवारातल्या पावसाच्या पाण्याच्या गटाराची झडप कोणीतरी बंद केली. हे कोणाला सुचलं ते मला नंतरही कळलं नाही. मला सुचलं नव्हतं.

मग हायड्रंटचा होज. सुरुवातीला फवारा, लांबून, भुकटी उडू नये म्हणून. पहिलं पाणी लागलं आणि ड्रममधून असा लोट उठला की साहेब ओरडले, "बंद करा, बंद करा!" मीसुद्धा मनात तेच ओरडले. होजवाला माणूस हलला नाही. लोट वाढला, मग त्याने धार आत सोडली, ड्रम भरून वाहायला लागला आणि मिनिटाभरात पांढरं सगळं खाली बसलं. त्यानंतरही त्यांनी चाळीस मिनिटं पाणी चालू ठेवलं. वरून पाऊस पडतच होता, आणि तीन दिवस ज्या पावसाला मी शिव्या देत होते तो आता किती तोकडा पडतोय असं वाटत होतं.

पोराला दवाखान्यात मी स्वतः घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिलं विचारलं, कोणता गॅस? मी डेटा शीटची प्रत पुढे केली. एरवी तिथे 'केमिकलचा वास लागला' एवढंच सांगतात, असं ते म्हणाले. नेब्युलायझर दिलं, एक रात्र ठेवून घेतलं. दम्याचा माणूस असता तर निभावलं नसतं, हेही सांगितलं. आई आली होती. ती मला काही बोलली नाही, म्हणून मला जास्त बोलल्यासारखं वाटलं.

कोणी विचारत नाही असा एक भाग सांगते. ड्रम धुतलेलं पाणी आम्ही ईटीपीकडे, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटकडे, वळवलं होतं. त्यातलं सल्फाइट एअरेशन टँकमधला ऑक्सिजन खात बसलं. ईटीपीवाल्याचे जीवाणू दोन दिवस गुदमरले, त्याने ब्लोअर रात्रंदिवस फिरवले आणि दर तासाला मला फोन केला. ड्रम विझला पण भूक तीच.

त्या आठवड्यात मी रात्री बसून हायड्रोचे जुने अपघात शोधले. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या लोडाय गावात २१ एप्रिल १९९५ ला एका कारखान्यात मोठ्या ब्लेंडरमध्ये हायड्रोसल्फाइट आणि अॅल्युमिनियम पावडर मिसळत होते. आत पाणी शिरलं, मिश्रण तापून धुमसायला लागलं. ते रिकामं करायला माणसं गेली आणि स्फोट झाला. ५ कामगार मेले. वाचून मी बराच वेळ फोन खाली ठेवून बसले. आमच्याकडे अॅल्युमिनियम नव्हतं, मालही थोडा होता. पण आम्हीही धुमसणारी वस्तू हलवलीच. ते बरोबर होतं का, यावर फायर प्रमुख आणि मी आजही भांडतो. त्यांचं म्हणणं, पेरॉक्साइडशेजारी ठेवून पाणी मारण्यापेक्षा बरं. माझं म्हणणं, दहा मिनिटं उशीर झाला असता तर हेच म्हणाला असतात का?

चौकशीच्या फॉर्ममध्ये 'कारण' असा एक चौकोन असतो, चार बोटं रुंद. साहेबांनी त्यात 'कामगाराचा निष्काळजीपणा' लिहून ठेवलं होतं. मी दोन दिवस फॉर्म टेबलावर ठेवला. मग त्याखाली लिहिलं: गळकं छत, स्टोअरमध्ये हायड्रोसाठी वेगळा मग नाही, पेरॉक्साइड शेजारी (सही माझी). चौकोनात मावलं नाही, बाजूला बाण काढावा लागला. मगामुळे झालं की छतामुळे, हे मला खरंच माहीत नाही, तेही लिहिलं. कोणी रागावलं नाही. कोणी वाचलं असेल असंही वाटत नाही. पण पोराचा ठेका चालू राहिला, आणि छताचे पत्रे बदलले.

बोर्डही बदलला. आता दोन ओळी आहेत. 'साठवताना: पाण्याचा थेंब नको. पेटल्यावर: पाणी, आणि थांबायचं नाही.' दुसरी ओळ त्या पोराला विचारून लिहिली. मी 'विपुल प्रमाणात' असं काहीतरी लिहिलं होतं. तो म्हणाला, "मॅडम, हे वाचेपर्यंत जळून जाईन."

मामांसाठी इन्फ्रारेड थर्मामीटर आला आहे. ते आधी उलटा हात लावतात, मग थर्मामीटर, आणि रजिस्टरमध्ये थर्मामीटरचा आकडा लिहितात. स्टीलचे पाच मग मागवले होते, हायड्रोसाठी, साखळीसकट. स्टोअरला चार पोचले. पाचवा मला आठवड्याने कँटीनमध्ये दिसला, चहाच्या पातेल्याशेजारी, साखळी लोंबत. मागून आणणार होते, पण ओला होता.