डार्बीशायर: मॅम टॉरने गिळलेला रस्ता

डार्बीशायरला समुद्रकिनारा नाही. ब्रिटनमध्ये समुद्रापासून सर्वांत दूर मानली जाणारी जागा याच काउंटीच्या दक्षिण टोकाला, कोटन इन द एल्म्स गावाजवळ आहे. तो सगळा सखल शेतीचा मुलूख. मला ओढ होती उत्तरेची, पीक डिस्ट्रिक्ट या डोंगराळ भागाची.

इथला भूगोल शेतांच्या गडग्यांवरून वाचता येतो. मातीचुना न वापरता नुसते दगड रचून केलेले हे गडगे पांढुरके दिसले की पायाखाली चुनखडी: पाणी जमिनीत मुरतं, वर कोरड्या दऱ्या आणि आत गुहा. गडगे काळपट झाले की भरड वाळूखडक, त्यावर पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची पाणथळ माती आणि 636 मीटर उंचीचा किंडर स्काउट. कॅसलटन गाव या दोहोंच्या सीमेवर आहे. रविवारी मात्र तिथे गर्दी नकोशी होते.

गावाच्या पश्चिमेला 517 मीटर उंच मॅम टॉर. विनॅट्स खिंडीचा खडा चढ टाळण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला या डोंगराच्या उतारावरून रस्ता काढला, तोही थेट जुन्या दरडीवरून. वर वाळूखडकाचे थर, खाली ठिसूळ शेल, म्हणजे चिखल घट्ट होऊन झालेला पापुद्र्यांचा खडक. पावसाचं पाणी आत शिरलं की शेल मऊ पडतो आणि अख्खा उतार सरकतो. रस्ता खचायचा, त्यावर पुन्हा खडी-डांबर पडायचं. अखेर 1979 मध्ये तो कायमचा बंद झाला. आज कडेला उभं राहिलं की तुटलेल्या डांबराचे थरावर थर मोजता येतात. मधली पांढरी रेघ एका पायरीवर संपते आणि खालच्या पायरीवर बाजूला सरकून पुन्हा सुरू होते. माणसाची इतक्या वर्षांची चिकाटी अशी उघडी पडलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. तिथून पाय निघत नव्हता.

जायचं तर गाडी नकोच. मँचेस्टर–शेफील्ड मार्गावरच्या एडेल स्टेशनवर उतरावं, हॉलिन्स क्रॉसला चढून डोंगरधारेने उजवीकडे माथा गाठावा. धारेवर फरसबंदी आहे, पण वारा झोंबतो. वाऱ्याला अडवणारं जाकीट हवंच. पलीकडे उतरून ब्लू जॉन गुहेपाशी आलं की तिथून खाली हाच मोडका रस्ता थेट कॅसलटनकडे नेतो. कॅसलटनला स्टेशन नाही. परतीची गाडी होपला मिळते आणि तिथवर तासाभराची चाल धरून चालावी.