टेबल कट पेंडंट: कोंदणातल्या काळ्या रंगापाशी तीन आठवडे

मागच्या अपडेटमध्ये चांदीचं कोंदण झाळून तयार होतं, फक्त दगड बसवायचा होता, मला वाटलं एका रविवारचं काम. लागले तीन आठवडे. दगड म्हणजे 8 मिमीचा चौकोनी स्फटिक, हिरा काही परवडणार नाही, पण घाट 16 व्या शतकातलाच हवा होता, म्हणजे टेबल कट: सपाट माथा, चार उतार आणि मागून पूर्ण बंद कोंदण.

16 व्या शतकातला चित्रकार होल्बाइन याची पोर्ट्रेट्स झूम करून बघितली असतील तर माहितीये, त्यात हिरे चक्क काळे दिसतात. तेव्हा ब्रिलियंट कट (आजचा अनेक पैलूंचा चमकदार घाट) नव्हता, टेबल कटमधून बराच उजेड पाठीतून बाहेर निघून जातो, म्हणून माणिक-पाचूच्या खाली रंगीत पत्र्याचा डाक ठेवायचे आणि हिऱ्याच्या पाठीला काळा रंग द्यायचे. (ते हिरे जवळजवळ सगळे आपल्याकडूनच जायचे, बरेचसे गोव्यामार्गे.) फ्लॉरेन्सच्या बेनवेनुतो चेलिनी या सोनाराने 1568 साली छापलेल्या सोनारकामाच्या ग्रंथात याची कृती दिलीये. पोप तिसऱ्या पॉलला सम्राट पाचव्या चार्ल्सकडून मिळालेला हिरा त्याने असाच रंगवला होता. साहित्य काय, तर दिव्यावर स्वच्छ भांडं धरून जमवलेली काजळी आणि मस्तकीचा डिंक. वाचून अंगावर काटाच आला, आजी काजळ धरायची ते हेच की!

रुमी मस्तकी काष्ठौषधीच्या दुकानात मिळाली. फिकट, स्वच्छ दाणे निवडले, एकेक सुईच्या टोकावर धरून मंद आचेवर मऊ केला, पितळी ताटलीवर धरलेलं काजळ त्यात घोटलं आणि स्फटिक अगदी हळूहळू तापवून पाठीला लावलं. गार झाल्यावर बघतो तर मागचे उतार गायब, दगड म्हणजे कोळशाचा तुकडा. काजळ निम्मं करून पुन्हा केलं, तेच.

दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कारण सापडलं. हिऱ्याचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचा आकडा) 2.42, मस्तकीचा साधारण 1.53 आणि स्फटिकाचा 1.54, म्हणजे स्फटिकातून मस्तकीत जाताना उजेडाला काही फरकच कळत नाही, तो सरळ काळ्यात बुडतो, हिऱ्यात मात्र बराचसा मागे फिरतो. चेलिनीकडे हे आकडे नव्हते तरी हे त्याला पक्कं माहीत होतं, बाकीच्या पांढऱ्या दगडांना तो वेगळी युक्ती सांगतो: काचेच्या तुकड्याची एक बाजू काळी करून तो कोंदणाच्या तळाशी ठेवायचा, दगडाला टेकू द्यायचा नाही. मी हे पान आधी वाचलंच नव्हतं.

मग स्फटिक स्पिरिटने पुसला, मायक्रोस्कोपची कव्हर स्लिप (पातळ काच) 7 मिमी कापली, खालून तेच काजळ-मस्तकी लावलं, वर साधारण अर्धा मिमी मोकळं ठेवून दगड बसवला आणि कोंदणाची भिंत घोटून घेतली. आता खिडकीपाशी धरला की माथा विहिरीच्या पाण्यासारखा काळा आणि हलवला की एकेक उतार पांढरा चमकून विझतो. पोर्ट्रेटमधला हिरा हाच.

डाव्या कोपऱ्यात भिंतीला एक सुरकुती पडलीये, ती अजून घोटायचीये. मीन्याची चौकट वेगळी भाजून मागून पिनांनी जोडणार, भट्टीत दगड घालायचा प्रश्नच नाही आणि त्या काळीही सुटे भाग असेच जोडायचे. पत्रा कापून ठेवलाय.