पाटणादेवीच्या आधी लळिंग

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना कुठंतरी न्यायचं, हे आमच्या घरी दसऱ्यालाच ठरतं. यंदा जागा मी ठरवली. मागच्या वर्षी तोरणमाळला गेलो होतो. शहाद्याच्या पुढं घाट लागला आणि धाकट्याला उलट्या सुरू झाल्या, त्या वर पोहोचेपर्यंत थांबल्याच नाहीत. यशवंत तलावाच्या काठावर थोरली खेळत होती आणि पाच वर्षांचं पोर माझ्या मांडीवर मलूल पडलेलं. त्या दिवशीच मनात पक्कं केलं की पुढची सहल मुलांच्या पोटाला आणि पायांना झेपेल अशीच काढायची.

म्हणून पाटणादेवी. धुळ्याहून सकाळची चाळीसगाव मेमू रेल्वे. शिरूड, जामदा करत सव्वा-दीड तासात उतरवते, घाट नाही की वळणं नाहीत. चाळीसगावहून 18 किलोमीटरवर चंडिकादेवीचं मंदिर, मागं सातमाळ्याचे डोंगर, सगळीकडं गौताळा-औट्रमघाट अभयारण्याचं जंगल. थोरली चौथीत आहे, तिला गणित आवडतं. भास्कराचार्यांच्या नातवानं, चांगदेवानं, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथं मठ काढला होता, आणि तसा शिलालेखच तिथल्या पाटण गावात सापडलाय, हे सांगितल्यावर तिनं वहीत 1114 हे त्यांचं जन्मसाल लिहून ठेवलं. दुसऱ्या दिवशी चाळीसगावातच केकी मूस यांचं घर बघायचं आणि परतीची गाडी धरायची. आयुष्याची कितीतरी वर्षं घराबाहेर न पडता, घरातल्याच वस्तू टेबलावर मांडून या माणसानं देखावे उभे केले आणि त्यांचे फोटो काढले. मुलांना ते समजेल असं मला वाटलं, कारण तीही दिवसभर तेच करत असतात.

मुक्कामाची गोष्ट थोडक्यात सांगते. एका लॉजवाल्यानं फोनवर 'पाच जण एका खोलीत बसतील' म्हणून आगाऊ पैसे घेतले आणि दोन दिवस आधी 'तिघांनाच देता येईल' असं कळवलं. पैसे परत मिळाले, पण चार फोन करावे लागले. शेवटी चाळीसगावच्या मैत्रिणीकडेच राहिलो. मुलं आणि म्हातारं माणूस बरोबर असेल तर किती जण, कितवा मजला, गरम पाणी किती वाजता, हे व्हॉट्सॲपवर लिहूनच घ्यावं. तोंडी बोलणं कुणाच्या लक्षात राहत नाही.

खरी तयारी झाली ती आदल्या रविवारी, लळिंगच्या किल्ल्यावर. आग्रा रोडला धुळ्याच्या बाहेर पडलं की समोरच दिसतो. सहलीला नेणार होते त्याच पिशव्या भरल्या, तेच बूट घातले, तेवढंच पाणी घेतलं आणि सकाळी सातला चढायला लागलो. अर्ध्या वाटेत धाकटा खाली बसला, 'उचल' म्हणाला. बूट काढून बघितलं तर टाचेवर रुपयाएवढा फोड. दिवाळीचे नवे बूट, आतून शिवण कडक. पाटणादेवीच्या जंगलात हे झालं असतं तर त्याला खांद्यावर घेऊन परतण्याशिवाय काही उपाय नव्हता. नवे बूट त्याच दिवशी माळ्यावर गेले आणि शाळेचे जुने धुऊन उन्हात ठेवले.

त्या एका सकाळीत बाकीचंही कळलं. चौघांना दोन लिटर पाणी अर्ध्या चढातच संपलं, म्हणजे पाटणादेवीला पाच जणांना सहा लिटर तरी हवं. थोरलीच्या पाठीवरच्या पिशवीत दोन गोष्टींची पुस्तकं, रंगपेटी आणि बाहुली होती. वरून खाली येईपर्यंत ती पिशवी तिच्या बाबांच्या खांद्यावर होती. घरी आल्यावर तिनं स्वतःच रंगपेटी बाजूला काढली. मी सांगितलं असतं तर रुसली असती.

औषधं डॉक्टरांना विचारून घेतली. तापाचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे किती द्यायचं ते बाटलीवरच चिठ्ठी चिकटवून लिहिलं, कारण घाईत आकडा आठवत नाही. ओआरएसची पाकिटं, ओवा, टाचेसाठी पट्ट्या.

खाण्याचं आईंनी हातात घेतलं. माझ्या सासूबाई अहिराणी बोलतात. माझी पिशव्यांची रांग बघून म्हणाल्या, "इतलं कसाले लेस माय?" मग वेफर्स आणि बिस्किटांचे पुडे काढून परत डब्यात टाकले आणि परात ओढली. ज्वारीचं पीठ, चिमूटभर मीठ, आणि पाण्याऐवजी कोमट दूध. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. तव्यावरून उतरली की प्रत्येकीला तूप लावून पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर पसरून ठेवत होत्या, वाफ पूर्ण गेल्याशिवाय एकावर एक ठेवू देईनात. गरम बांधली की पाणी सुटतं आणि संध्याकाळपर्यंत वास मारते. थोरली शेजारी बसून मोजत होती, बावीस झाल्या. बरोबर शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. केळी मात्र घेतली नाहीत. देवळाजवळ माकडं पिशवीच ओढतात, असं मैत्रिणीनं बजावलं होतं.

जंगलात बिबट्या आहे, त्यामुळं उन्हं उतरायच्या आत बाहेर पडायचं हे जीपवाल्याशी आधीच बोलून घेतलं होतं. सकाळी नऊला देवीचं दर्शन झालं. आई मंदिरात सावलीला बसल्या, दशम्यांचा डबा त्यांच्याजवळ. आम्ही चौघं केदारकुंडाकडे निघालो. पाऊस संपून महिना झाला होता, तरी ओढ्याला पाणी होतं आणि दगड ओले होते. धाकटा माझ्यापुढं, शाळेच्या बुटांत. लळिंगला जिथं तो खाली बसला होता, साधारण तेवढं चालून झालं तेव्हा मी उचलायला हात पुढं केले. त्यानं माझ्या खांद्यावरची बाटली ओढली, दोन घोट पाणी प्यायला आणि पुढच्या दगडावर पाय टाकला.